दोष कुणाचा आणि भार कुणावर: उदारमतवादी आणि परंपरावादी नेमके कुठे वेगळे होतात

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. उदारमतवादी मंडळी एरवी व्यक्तिस्वातंत्र्याचा झेंडा घेऊन उभी असतात. पण कुणी गुन्हा केला, कुणी गरिबीत अडकला, की लगेच व्यवस्थेकडे बोट दाखवतात. परंपरावादी मंडळी कुटुंब, धर्म, राष्ट्र यांचे गोडवे गातात. पण कुणी घसरला की 'करावे तसे भरावे' म्हणून मोकळी होतात. मग यांतले व्यक्तिवादी कोण आणि समूहवादी कोण? की दोघंही सोयीप्रमाणे बोलतात?

राज्यशास्त्र शिकवण्यात आणि वादविवादासाठी मुलं तयार करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतंच, आणि विचारणारा बहुधा दोघांपैकी एका बाजूचा ढोंगीपणा उघडा पाडायच्या तयारीत असतो. ढोंग आहेच, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आधी 'जबाबदारी' हा शब्दच जरा उलगडून पाहू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे.

'याला जबाबदार कोण?' असं आपण विचारतो तेव्हा मागे बघत असतो. काहीतरी बिघडलेलं असतं आणि दोषी शोधायचा असतो. 'ही माझी जबाबदारी' म्हणतो तेव्हा पुढे बघत असतो. दोष कुणाचाही असो, भार मी उचलणार. शब्द एक, कामं दोन. रस्त्यात पडलेल्या माणसाला उचलणारा त्याच्या पडण्याला जबाबदार नसतो, तरी उचलण्याची जबाबदारी घेतो. उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यातली बरीचशी भांडणं ऐकताना मला वाटतं, एक जण दोषाबद्दल बोलतोय, दुसरा भाराबद्दल, आणि दोघांनाही वाटतंय की समोरचा मुद्दाम विषय टाळतोय.

दुसरा गोंधळ 'समूह' या शब्दाचा. परंपरावादी माणूस समूह म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर नात्यांनी बांधलेली माणसं असतात: घर, शेजार, प्रार्थनास्थळ, देश. हा समूह तुम्हाला ओळखतो, वळण लावतो, चुकलात तर कान धरतो. उदारमतवादी माणूस समूह म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक वर्गवारी सांगत असतो. अमुक उत्पन्नाखालचे, अमुक वर्णाचे, स्त्रिया, स्थलांतरित. यातली माणसं एकमेकांना ओळखतही नसतील. पण व्यवस्था त्यांना एकाच मापानं मोजते, म्हणून ती एका रांगेत. पहिल्या समूहाकडून कर्तव्याची अपेक्षा असते, दुसऱ्याच्या वतीनं हक्काची मागणी असते. दोन्हींना 'समूह' म्हटलं की चर्चा सुरू होण्याआधीच फसते.

ब्रिटनच्या परंपरावादी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं 1987 सालचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं: समाज नावाची काही गोष्टच नसते. त्याचा पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्या म्हणाल्या, असतात ते स्त्रीपुरुष आणि कुटुंबं; आणि आधी स्वतःची, मग शेजाऱ्याची काळजी घेणं हे आपलं कर्तव्य आहे. म्हणजे त्यांनी माणसाला एकटं सोडलेलं नव्हतं. 'समाजाने करावं' म्हणून जो भार कुणाच्याच खांद्यावर राहत नाही, तो त्यांना नावागावाच्या माणसावर ठेवायचा होता. मला त्यांची धोरणं फारशी पटत नाहीत, पण हे वाक्य अर्धं तोडून वापरणं हा अन्यायच.

तिकडे अमेरिकेचे तेव्हाचे उदारमतवादी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा 13 जुलै 2012 रोजी व्हर्जिनियातल्या रोअनोकमध्ये बोलले. यशस्वी माणसाला कधीतरी एक चांगला शिक्षक भेटलेला असतो, रस्ते आणि पूल कुणीतरी बांधलेले असतात. तुमचा धंदा असेल, तर तो तुम्ही एकट्यानं उभारलेला नाही, असा एकंदर आशय. हेही वाक्य तोडूनच फिरवलं गेलं. ऑगस्टमध्ये टॅम्पाला रिपब्लिकन या परंपरावादी पक्षाचं अधिवेशन झालं तेव्हा एका रात्रीची घोषणाच होती, 'आम्ही उभारलं'. एकट्याच्या कर्तृत्वाचं कौतुक करायला अनेकवचन वापरावं लागलं, याची मला अजून गंमत वाटते.

पण ओबामांच्या वाक्यातला खरा मुद्दा श्रेयाचा आहे, आणि श्रेय आणि दोष ही जुळी भावंडं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये मांडलेली भूमिका अशी की जन्मजात हुशारी, आईबापांचं घर आपण कमावलेलं नसतं. इतकंच काय, कष्ट करण्याचा स्वभावदेखील बराचसा परिस्थितीनं घडवलेला असतो. हे मान्य केलं की यशावरची मालकी सैल होते. आणि यशावरची सैल झाली की अपयशावरचीही सैल व्हायलाच हवी. उदारमतवादी इथवर सरळ चालत येतो. परंपरावादी दोन्ही मुठी घट्ट ठेवतो. यश माझं, तसं अपयशही माझंच. दोघांचंही गणित आपापल्या जागी बसतं. बिघडतं ते पुढे, प्रत्यक्ष माणसं समोर आली की.

अमेरिकेत 1996 साली गरिबांच्या मदतीचा जो कायदा झाला, त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' हे शब्द होते. केंद्राच्या पैशातून आयुष्यात एकूण 60 महिने रोख मदत, बदल्यात काम करण्याची अट. काही कुटुंबांना सूट देण्याची राज्यांना मुभा. काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, बहुमत रिपब्लिकनांचं, पण 22 ऑगस्टला सही केली ती उदारमतवादी डेमोक्रॅट पक्षाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी. त्या वादात परंपरावादी बाजूचं म्हणणं 'गरिबांना मरू द्या' असं नव्हतं. अटीशिवाय मदत देणं म्हणजे त्या माणसाला कर्ता म्हणून मोजायचंच सोडून देणं, त्याला लहान मूल समजणं, असं ते म्हणत होते. उदारमतवादी विचारत होते, काम मागायला निघालेल्या आईनं मूल कुठे ठेवायचं? खरं तर दोन्ही प्रश्न एकाच बाईबद्दल आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ती निर्णय घेणारी आहे, आणि तिच्यापुढचे पर्याय दुसऱ्यांनी ठरवलेले आहेत. वक्ते मात्र यातलं एकच वाक्य घेऊन व्यासपीठावर चढतात.

मदतीच्या बाबतीत फरक नेमका कुठे आहे हे लिंडा स्किट्का आणि फिलिप टेटलॉक या मानसशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांतून तपासलं. साधनं अपुरी असली की दोन्ही बाजूंची माणसं 'स्वतःच्या करणीनं' अडचणीत आलेल्याला मागे ठेवत. फरक दिसला तो साधनं पुरेशी असताना. उदारमतवादी तेव्हा सगळ्यांना देऊन टाकत. परंपरावादी पुरेसं असूनही 'करणीवाल्याला' नाकारत. म्हणजे दोष ओळखण्यात दोघं फार वेगळे नव्हते. दोष दिसल्यावर हात आखडायचा की नाही, यावर वेगळे होते. हा बारकावा मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'उदारमतवाद्यांना दोष दिसतच नाही' हा आरोप त्यातून बराच गळून पडतो.

स्किट्का आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की उदारमतवादी माणसाचं डोकं दुसऱ्या कामात गुंतवून ठेवलं, तर तोही परंपरावाद्यासारखाच पटकन माणसाला दोष देतो. 'परिस्थितीही बघायला हवी' ही त्याची दुरुस्ती नंतर येते, आणि तिला सवड लागते. मग 2010 चा अभ्यास आला, त्यात उलटं चित्र. नागरिकांना मारल्याचा आरोप असलेले सैनिक किंवा पोलीस समोर ठेवले की परंपरावादी परिस्थितीचा दाखला देऊ लागतात. किती ताण होता, क्षणात निर्णय घ्यायचा होता. उदारमतवादी मात्र माणसाकडे बोट दाखवतात. म्हणजे 'परिस्थिती' हे एका बाजूचं तत्त्व नव्हे. जो आपल्याला जवळचा वाटतो, त्याच्यासाठी दोघंही ते राखून ठेवतात.

वर्गात मी यासाठी दोन चिठ्ठ्या वापरतो. पहिलीवर लिहिलेलं असतं: एकोणीस वर्षांच्या मुलानं रात्री कुलूप तोडून चोरी केली. दुसरीवर: बँकेतल्या अधिकाऱ्यानं ग्राहकांच्या नावे खोटी खाती उघडली. निकाल द्यायचा नाही, फक्त आणखी काय माहिती हवी ते प्रश्न लिहायचे. पहिल्या चिठ्ठीवर काही जण हमखास विचारतात, 'मुलाच्या घरी कोण कोण आहे?', 'शाळा कधी सुटली?' काही जण विचारतात, 'याआधी कधी पकडला गेला होता?' आता दुसरी चिठ्ठी. 'वरून टार्गेट किती होतं?', 'न गाठल्यास नोकरी जाणार होती का?' हे विचारणारे कोण? मुलाचं घर विचारणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी. त्यांचा प्रश्न असतो, 'बोनस किती मिळाला?' चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या की पोरं आपलं आपण हसतात. 'आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला' ही म्हण मला कधी म्हणावी लागलेली नाही.

हे फक्त वर्गात होतं असं नाही. 2008 च्या आर्थिक संकटाची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगात दहा सदस्य होते, सहा डेमोक्रॅट्सनी नेमलेले, चार रिपब्लिकनांनी. जानेवारी 2011 मध्ये अहवाल आला तो सहा विरुद्ध चार. बहुमताचं म्हणणं असं की संकट टाळता आलं असतं, ते माणसांच्या कृतीतून आणि निष्क्रियतेतून घडलं. बँकांचे प्रमुख आणि नियामक यांनी डोळेझाक केली. अल्पमतातल्या तिघांनी जगभर फुगलेल्या कर्जबाजाराची नि अशा अनेक कारणांची साखळी मांडली; चौथ्यानं सरकारच्या गृहकर्ज धोरणावर खापर फोडलं. चोरी करणाऱ्या मुलाबाबत जी बाजू परिस्थिती सांगते ती इथे माणसं शोधत होती, आणि जी बाजू माणूस शोधते ती परिस्थिती सांगत होती. यात कोण बरोबर हा वेगळा वाद. पण भूमिकांची अदलाबदल इतकी स्वच्छ क्वचितच कागदावर सापडते.

आता खरा अवघड भाग. मेलेल्यांचं काय करायचं?

1997 मध्ये ऑस्ट्रेलियात एक सरकारी चौकशी अहवाल आला. पिढ्यानपिढ्या आदिवासी मुलांना आईबापांपासून तोडून संस्थांमध्ये आणि गोऱ्या कुटुंबांत ठेवल्याची ती कहाणी होती. माफी मागा, अशी मागणी झाली. परंपरावादी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी नकार दिला: ज्या कृत्यांवर आजच्या पिढीचा काही ताबा नव्हता, त्यांचा दोष तिनं का घ्यावा? 1999 मध्ये संसदेत त्यांनी खेद व्यक्त केला, माफी नाही. ती 13 फेब्रुवारी 2008 रोजी त्यांच्यानंतरचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी मागितली. हॉवर्ड यांचा युक्तिवाद व्यक्तिवादी म्हणून निर्दोष आहे. अडचण अशी की हेच हॉवर्ड पहिल्या महायुद्धात, 1915 साली गॅलिपोलीत लढलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांचा अभिमान आजच्या पिढीनं बाळगावा म्हणत. त्या लढाईवरही आजच्या पिढीचा काही ताबा नव्हता.

इथे वाल्याची गोष्ट आठवते. नारदानं त्याला घरी पाठवलं ते एवढंच विचारायला: माझ्या पापात वाटेकरी होणार का? बायकापोरांनी हात झटकले. ही गोष्ट आपण ऐकतो ती 'ज्याचं पाप त्याला' या धड्यासाठी. पण लुटीचं अन्न त्या घरानं खाल्लं होतं, त्याचा हिशेब गोष्टीत होत नाही. परंपरावाद्याचं दुखणं हेच. वारसा हवा, पण त्यावरचं कर्ज नको. कोर्टात असं चालत नाही. वारसानं मालमत्ता घेतली की त्या मालमत्तेपुरतं कर्जही त्याच्याकडे येतं; त्यापलीकडे मात्र नाही. मला ही 'त्यापुरतंच' मर्यादा फार शहाणी वाटते.

उदारमतवाद्याचं दुखणं याच्या बरोबर उलट. जन्मानं कुणी उच्च-नीच नाही म्हणणारा माणूस जन्मानं कुणी दोषी कसा ठरवतो? एखाद्या तरुणाला 'तुमच्या लोकांनी' असं सुनावलं जातं तेव्हा सुनावणारा जुन्या गोत्राधारित न्यायाकडेच परतलेला असतो, नाव फक्त नवं. गंमत म्हणजे याविरुद्धचं सर्वांत ठाशीव वाक्य परंपरावाद्यांचे आद्यपुरुष मानले जाणारे एडमंड बर्क यांचं आहे. अमेरिकन वसाहतींबद्दल 22 मार्च 1775 रोजी ब्रिटिश संसदेत बोलताना ते म्हणाले की अख्ख्या जनतेवर आरोपपत्र कसं तयार करतात, ते मला ठाऊक नाही. पुढे 1790 मध्ये याच बर्क यांनी समाजाला जिवंत, मृत आणि अजून न जन्मलेल्या माणसांची भागीदारी म्हटलं. भागीदारी म्हटली की नफा आला, तसा तोटाही आला. दोन्ही वाक्यं एकाच माणसाची, आणि मला त्यांत विरोध दिसत नाही. पहिलं दोषाबद्दल आहे, दुसरं भाराबद्दल.

हा भेद नीट शब्दांत बांधला तो जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्स यांनी, दुसऱ्या महायुद्धानंतर हायडेलबर्गमध्ये 1945-46 च्या हिवाळ्यात दिलेल्या व्याख्यानांत. समोर हरलेले जर्मन विद्यार्थी. त्यांना त्यांनी चार वेगळे दोष सांगितले. कायद्यातला गुन्हा ज्यानं केला त्याचाच. राजकीय दायित्व त्या राज्याच्या प्रत्येक नागरिकाचं, भरपाई सगळ्यांनी मिळून द्यायची. नैतिक दोष ज्याचा त्यानं आपल्या सदसद्विवेकापुढे तपासायचा. आणि चौथा, माणूस म्हणून माणसाला न वाचवल्याचा, तो देवापुढे. समूहाला लागू पडतो तो फक्त दुसरा. त्यांच्या विद्यार्थिनी, विचारवंत हॅना अ‍ॅरेंट यांनी पुढे तेच अधिक कठोरपणे सांगितलं: सगळेच दोषी म्हटलं की कुणीच दोषी राहत नाही, खरे गुन्हेगार गर्दीत सुटतात.

हे सगळं एका ठिकाणी पाहायचं तर अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांचं प्रकरण बघा. जपानशी युद्ध सुरू असताना, 19 फेब्रुवारी 1942 ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली आणि लष्कराला या लोकांना घरांतून हलवायची मुभा मिळाली. उदारमतवाद्यांचं दैवतच ते. सुमारे 1,20,000 माणसं छावण्यांत गेली, त्यांतले जवळपास दोन तृतीयांश जन्मानं अमेरिकन नागरिक. पश्चिम किनाऱ्याचे सेनापती जॉन डेविट यांचा तर्क असा की अजून घातपात झालेला नाही, हेच तो होणार असल्याचं लक्षण आहे. समूहावर संशय घ्यायचं ठरलं की निर्दोषपणाही पुरावा ठरतो, याचं याहून उघडं उदाहरण मला माहीत नाही. आणि 10 ऑगस्ट 1988 रोजी भरपाईच्या कायद्यावर सही कुणी केली? रोनाल्ड रेगन यांनी. वैयक्तिक जबाबदारीचा जप करणारा माणूस.

त्या कायद्याची रचना बघण्यासारखी आहे. वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश, अशी कारणं कायद्यातच लिहिली. माफी मागितली ती राष्ट्राच्या वतीनं. 'गोऱ्या लोकांनी माफी मागावी' असं त्यात नाही. पैसे, प्रत्येकी 20,000 डॉलर, समाजाच्या संस्थेला दिले नाहीत. जे स्वतः छावणीत होते आणि सहीच्या दिवशी जिवंत होते, त्यांच्या हातात दिले. देणारा समूह, पण राज्य या रूपात, जे मरत नाही, घेणारी व्यक्ती. यास्पर्स यांचा दुसरा दोष चेकच्या रूपात बघायचा असेल तर तो हाच. दोन्ही पक्षांची मतं मिळाली, कारण दोन्ही बाजूंना आपला अर्धा भाग त्यात सापडला. दुखऱ्या जागाही राहिल्याच. पैसे प्रत्यक्षात 1990 च्या ऑक्टोबरपासून मिळू लागले, आणि 1988 च्या त्या तारखेआधी जे वारले त्यांच्या घरी काहीच गेलं नाही.

तेव्हा, दोघं सोयीप्रमाणे बोलतात का? हो, दोघंही. पण तेवढंच म्हणून थांबलात तर फरक हातातून निसटेल. तो असा की काही बिघडलं की परंपरावादी 'आता कोण सुधारेल?' याचं उत्तर त्या माणसापासून शोधू लागतो आणि वर जातो: तो, मग घर, मग शेजार, सरकार सगळ्यांत शेवटी. उदारमतवादी वरून खाली येतो: नियम, संस्था, मग माणूस. पहिल्याचा धोका, वरपर्यंत पोहोचतच नाही. दुसऱ्याचा, खालपर्यंत उतरतच नाही. मी स्वतः दुसऱ्या रांगेतला, आणि खाली उतरायला मलाही उशीर होतो हे कबूल करतो.

एका वर्षी रेगन यांनी सही केलेल्या त्या भरपाईच्या कायद्यावर वर्गात वाद ठेवला होता. प्रश्न दिला: सहीच्या आदल्या दिवशी, 9 ऑगस्टला वारलेल्या बाईच्या मुलीला काय सांगायचं? एरवी प्रत्येक गोष्टीत 'व्यवस्था' आणणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, छावणीत आई होती, मुलगी नव्हती, तिचं काही देणं लागत नाही. आणि मागच्या बाकावरून आमचा पक्का परंपरावादी, जो वर्षभर 'ज्याचं त्याचं' म्हणत आला होता, ओरडला, "अहो, आईचं येणं होतं ते! आई गेली म्हणून येणं बुडतं होय?"